नवरदेवाच्या गाडीतली वाळू

७ जानेवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जालन्याला परत द्यायची होती, म्हणून मी दुपारपासून तिच्यातली वाळू काढत होते. वाळू कुठे कुठे शिरते याची मला आधी कल्पना नव्हती. मॅट झटकल्या, धुतल्या, कडुनिंबाला बांधलेल्या दोरीवर वाळत टाकल्या. सीट पुढेमागे सरकवून फटींत खराट्याची काडी फिरवली. वाळूबरोबर लालसर तांदळाचे दाणेही निघाले. ते मी तळहातावर घेऊन ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला दाखवले.

"कोणत्या वाणाचं हाय?" हे म्हणाले. जन्म बियाण्याच्या कंपनीत ड्रायव्हरकी करण्यात गेला, त्यामुळे दाणा दिसला की यांचा हाच विनोद.

"अक्षता आहेत. कुणाच्या तरी लग्नाच्या."

"मंग ठेव बाजूला. नवरदेवाचा माल हाय."

आमच्या लग्नांत फुलं टाकतात, त्यामुळे दाणे तळहातावर घेईपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. पण गाडी होतीच नवरदेवाची, भाड्याची. लांबलचक, पांढरी, आत चामड्याच्या सीट. लग्नसराईत ती रिकामी मिळत नाही. धनुर्मासात लग्नं नसतात, मालक यांच्या ओळखीचा, म्हणून आठवडाभरासाठी मिळाली.

"चाकाच्या आतून पाणी मारलं का?" ओट्यावरून पुन्हा आवाज आला. "खारं पाणी हाय ते. लोखंड खाऊन टाकतं."

"मारलं."

"डाव्या बाजूनं बी?"

"डाव्या बाजूनंही मारलं," मी म्हणाले, आणि नळी घेऊन पुन्हा एकदा डाव्या बाजूला गेले.

दिवाळीनंतर संभाजीनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि तो फार पुढे गेला आहे. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. डावीकडचं तर जवळजवळ सगळंच. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब घालून टिकवायचं. गाडी चालवणं बंद. हे सगळं यांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या बाहेर आल्यावर विचारलं, "बिलकुल बंद म्हणाले का थोडं थोडं?"

"बिलकुल."

एसटीने आम्ही वडीगोद्रीला परतलो. घरी आल्यावर हे म्हणाले, "एकदा तुला घेऊन जायचंय समुद्राच्या रस्त्यानं. मंग चावी टांगून ठेवतो."

यामागे एक गोष्ट होती. कंपनीचे मालक दरवर्षी कुटुंब घेऊन कोकणात जायचे आणि गाडी यांच्या हातात असायची. तिथला एक रस्ता हे मला कितीदा सांगत आले आहेत. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधे माणूस नाही, पुढे उतारावर नारळाची झाडं. मालक मंडळी पाण्यात जायची आणि हे गाडीशी थांबायचे. समुद्र यांनी काचेतूनच पाहिला. मी पाहिला होता तो दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, लोकांच्या डोक्यांवरून. तसल्या गाडीत, तसल्या रस्त्यावर, शेजारी बायको, एवढंच यांना हवं होतं.

मी शाळेत शिकवते. मुलांना एखादी गोष्ट नाही म्हणायची तर कारण द्यावं लागतं. इथे कारण होतं आणि तरी मला नाही म्हणता येईना. मी अटी घातल्या. मोठ्या रस्त्याला मी चालवणार. मला यांनीच शिकवलं होतं, परवाना आहे, पण हे असताना स्टिअरिंग माझ्या हातात यायचा प्रश्नच नसायचा. तो कोकणातला मोकळा रस्ता तेवढा यांचा, तोही भर उजेडात, बैलगाडीच्या वेगाने, आणि डावीकडचं मी सांगणार.

"म्हणजे क्लीनर," हे म्हणाले.

"क्लीनर."

हे मुळात ट्रकवर क्लीनर म्हणून लागले होते. क्लीनर डाव्या दाराला लटकतो, दारावर थाप मारतो आणि ड्रायव्हरला सांगत राहतो: येऊ द्या, येऊ द्या, बराबर. ड्रायव्हर तिकडे बघतही नाही. थाप ऐकतो आणि गाडी घालतो. हे सगळं मला यांनी दिवाणखान्यात खुर्ची ठेवून शिकवलं. थाप एक पडली तर चल, दोन पडल्या तर थांब.

घाट उतरेपर्यंत मी चालवत नेली. हे शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. "मॅडम, तिला गेअर न्हाई, हात कशाला हलवून राह्यल्या?" असं अधूनमधून चाललं होतं. यांची तब्येत इतकी खुशीत मी वर्षभरात पाहिली नव्हती.

समुद्राचा रस्ता लागला तशी आम्ही जागा बदलल्या. यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकांना पाय लावला, मागचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "बसा."

"मागे कशाला?"

"मालकीणबाई मागंच बसतात."

"मग डावीकडचं कोण सांगणार, मालकीणबाई?"

हे हसले आणि मी पुढे बसले. गाडी चालू झाली. मला माहीत असलेला माणूस त्या सीटवर बसला होता. हात हलके, पाठ सरळ. रस्ता खरोखरच यांनी सांगितला तसा होता. वळणावर मी दारावर एक थाप द्यायची, गाडी पुढे सरकायची. काही वेळ मला वाटलं, डॉक्टर चुकले. मग डावीकडून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली बाई रस्त्यावर आली. मी दोन थापा मारल्या, गाडी थांबली, बाई पुढून निघून गेली. पुढे आल्यावरच यांना ती दिसली.

"कुठून आल्ती ही?"

"डावीकडून."

"बराबर," हे म्हणाले आणि गाडी पुन्हा हलवली. पण आता हात हलके नव्हते.

पुढे एका गावाशी किनारा सपाट होता, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट. यांनी खाली उतरून टाच मारून पाहिली. "पक्की हाय. आपल्या गोदावरीसारखी." आमच्याकडे नदीच्या कोरड्या पात्रात गाड्या उतरवायच्या, डबक्याच्या पाण्याने धुवायच्या, हे लहानपणापासूनचं. पाणी आलं तर वरच्या अंगानं येणार, धरणातून सोडलेलं, आणि आधी गावात सांगून. मीही टाच मारून पाहिली आणि घट्ट आहे म्हणाले. गाडी खाली नेऊन समुद्राकडे तोंड करून लावली.

"जा, पाय भिजवून ये," हे म्हणाले. "मी गाडीपाशी हाय."

"आज तरी चला. गाडीला कोण नेतंय?"

"सवय हाय मला. तू जा. मला बघायचंय तुला पाण्यात."

मी गेले. पाण्यात थोडं चालले, मग शिंपले दिसले म्हणून कडेकडेने डाव्या अंगाला बरीच लांब गेले. तिकडे खाडीचं तोंड होतं. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी माझ्याकडे बघून ओरडायला लागली. "बाय, गाडी वर घेवा! भरती येता!" ती समुद्राकडे बोट दाखवतच नव्हती. ती खाडीकडे दाखवत होती. खाडीचं पाणी एका खोलगट पट्ट्यातून गाडीच्या डाव्या बाजूने आत शिरलं होतं आणि गाडीच्या मागे पसरत होतं. आम्हा दोघांनाही पाणी एका दिशेनं येतं एवढंच ठाऊक.

मी पळत सुटले. दोन्ही हात हलवत, ओरडत, पण लाटांच्या आवाजात ते पोहोचत नव्हतं. काच खाली होती. हे आत बसले होते, समोर बघत, चेहरा शांत. मी डावीकडून येत होते, पाणीही डावीकडून येत होतं, आणि यांच्यासाठी तिथे काही नव्हतंच. मी गुडघाभर पाण्यातून दारापर्यंत पोहोचले आणि दोन थापा मारल्या. दचकून अख्खी मान वळवली तेव्हा कुठे मी दिसले.

"तू इकडं कशी?" यांनी विचारलं.

गाडी चालू केली तर चाकं रुतली. रापणीची जाळी ओढणारी माणसं जवळच होती, ती दोर घेऊन आली. गाडीला दोर बांधला, काही जण मागून लागले, आणि जाळं ओढावं तशी एका सुरात ओरडत त्यांनी ती वर काढली. "थंय कशाक लावल्यात, काका? समुद्राक डोळे नसतत," एक जण हसत म्हणाला. त्याला काय माहीत. हेही हसले.

माणसं गेल्यावर आम्ही वाळूत बसलो. दूर पाण्यात एक निळ्या साडीतली बाई उभी होती. मी पिवळी नेसले होते.

"ती तू न्हाईस," हे म्हणाले.

"नाही."

"मी कव्हाचा तिलाच बघून राह्यलो. म्हटलं, बाई खुश दिसून राह्यली. हात केला मी तिला. तिनं बी केला."

मी साडीच्या पदराला लागलेली वाळू झटकत बसले.

थोड्या वेळाने यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. मालकाच्या घरी रोज संध्याकाळी चावी देताना जे एक वाक्य म्हणायचे, तेच आता म्हणाले. "गाडी लावली, मॅडम."

परतीचा सगळा रस्ता मी चालवला. हे मागे बसले, मालकाच्या जागेवर, डोळे मिटून. मधे एकदा मी आरशातून म्हटलं, "पुढे या, क्लीनर लागतो मला." डोळे मिटलेलेच राहिले. झोपले नव्हते. मागून पायाचा आवाज येत होता, नसलेला ब्रेक दाबण्याचा.

७ तारखेला संध्याकाळपर्यंत मॅट वाळल्या, मी त्या जागच्या जागी घातल्या. पाणी चाकांवर आलं होतं हे जालन्याच्या मालकाला आपणच सांगायचं, असं ठरलं. अक्षता मी कागदाच्या पुडीत बांधून गाडीच्या कप्प्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी चालू केली. अंगणातून मागे घेत रस्त्यावर काढायची होती. हे माझ्या आधीच उठून, स्वेटर घालून, गाडीमागे डाव्या अंगाला जाऊन उभे होते. मी काही म्हणायच्या आत डिकीवर एक थाप पडली.

"येऊ द्या, येऊ द्या!"

मी गाडी मागे घेतली. डावीकडच्या आरशात मला शेजाऱ्याची मोटारसायकल दिसली. रात्री त्याने ती आमच्या फाटकाला लावली होती, यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर.

"येऊ द्या! जागा हाय!" पुन्हा थाप. आवाज एकदम पक्का, ट्रकवरचा.

मी ब्रेक दाबला, चाक वळवलं, थोडी पुढे घेतली आणि मोटारसायकल चुकवून गाडी आरशात बघत रस्त्यावर काढली. मग काच खाली करून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "बराबर."