नंदाने पुसलेलं विमान

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला खेटून असलेल्या हाउन्सलोत लग्न म्हटलं की ऐन मंगलाष्टकात डोक्यावरून विमान जाणारच; गुरुजींचं 'सावधान' कुणाला ऐकू येईल तर शपथ! नंदा लग्नांचे व्हिडिओ करायची आणि ती घरघर कॉम्प्युटरवर अशी निपटून काढायची, की पार वेम्बलीहून लोक कामं घेऊन यायचे.

बेरीवान तिची शेजारीण, कुर्दी. लढाई पेटलेली असताना ही बया कॅमेरा घेऊन कुर्दिस्तानातल्या स्वतःच्या गावी गेली, तिथल्या बायका कशा जगतात ते टिपायला. त्यातली एक टेप तिच्या आईची. बेरीवान परत आली आणि महिन्याभरात गावावर बॉम्ब पडले. आई गेली. आता फिल्म कॉव्हेंट्रीच्या हॉलमध्ये दाखवायची होती. टेपवर वाऱ्याचा आवाज फार आहे, जरा आवाज साफ करून दे, असं ती नंदाला म्हणाली.

नंदाने जीव ओतून काम केलं. शेजारणीच्या आईचं काम, त्यात हयगय कसली? मग रोजच्या रिवाजाप्रमाणे साफ झालेलं तेवढं ठेवलं, कॉम्प्युटरवरचं मूळ कच्चं रेकॉर्डिंग पुसलं, आणि टेप वापरलेल्या टेपांच्या डब्यात टाकली. रविवारी त्याच टेपवर अलका नावाच्या गिऱ्हाइकाच्या नातवाचं बारसं चढलं.

सोमवारी बेरीवान बघायला बसली. पडद्यावर आई कणीक मळत होती. मळता मळता तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं, जवळची पोर ओढली आणि पोटाशी धरली. आवाज कसलाच नाही. कोंबडी तेवढी कॉक् कॉक् करत होती.

"विमान कुठंय?" बेरीवानने विचारलं.

"काढलं ना," नंदा सवयीने म्हणाली, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या गावात कुठलं आलंय हीथ्रो!

नंदाने हातापाया पडून माफी मागितली. खिडकीतून इथल्याच विमानाचा आवाज घेऊन तिथे लावते, असंही म्हणाली. बेरीवानने नकारार्थी मान हलवली. ते खोटं होईल, म्हणाली. तिने तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा थांबवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता माझी आई उगाचच घाबरलेली दिसते," ती म्हणाली.

 तेवढ्यात छपरावरून विमान गेलं, टेबलावरच्या कपबश्या थरथरल्या, आणि दोघी ते जाईपर्यंत तशाच बसून राहिल्या.