लिलाबाईंचं टिचबटण

असोद्याच्या लिलाबाईंची खालची कवळी भर वंदनेत मांडीवर येऊन पडली. पौर्णिमेचा दिवस, विहार भरलेला, तोंडापुढे माइक. ‘सरणं’वर जरा जोर दिला आणि झालं! पोरीसोरी खुदकल्या. वंदना दुसरीनं पुरी केली. इतकी वर्षं वंदना सांगावी ती लिलाबाईंनीच. पण त्या दिवसापासून बाई मागल्या रांगेत बसू लागल्या, नुसते ओठ हलवीत. कुणी पुढे बोलावलं की गुडघे दुखायचे. गुडघ्यांना काय धाड भरली होती!

बाई भारी मानी. आपलं बोळकं त्यांनी नवऱ्याला, वनाभाऊंना, शेवटपर्यंत दिसू दिलं नाही. कवळी धुवायची ती मोरीचं दार लावून. सून सविता हिचेही केस पिकत आले, पण तिनंही ते पाहिलेलं नव्हतं.

शेवटी सवितानंच त्यांना जळगावला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भूमिकांनी खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले. ते हाडात मुरल्यावर कवळी त्यांच्यावर कशी अडकवायची, याचे नमुने मांडले. एकात स्क्रूवर गोळी आणि कवळीत रबराची कडी. कडी झिजते, बदलत राहावी लागते. दुसऱ्यात दोन्ही स्क्रू जोडणारी दांडी; पकड छान, पण दांडीखाली रोज बारीक ब्रश फिरवायचा. तिसरं लोहचुंबकाचं, लावा-काढायला सगळ्यांत सोपं, पण धरतं जेमतेम. चौथं झंपराच्या टिचबटणासारखं. त्याच्या आत प्लास्टिकची चकती; पांढरी घट्ट, गुलाबी मध्यम, निळी सैल.

बाईंनी टिचबटण निवडलं, तेही पांढऱ्या चकतीचं. डॉक्टरांनी नमुना त्यांच्या हातात दिला आणि काढून दाखवायला सांगितलं. आता आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. म्हातारं माणूस काही उघडू लागलं की ते त्याच्या हातून काढून घ्यायचं, मग बरणी असो की गोळ्यांचं पाकीट. सवितानं नमुना घेतला, खटकन काढला. डॉक्टरांनी मान डोलावली. बाईंनाही त्यात वावगं वाटलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला बाई माइकपुढे बसल्या. आवाज खणखणीत लागला, कवळी तसूभर हलली नाही. पण घरी ती निघेना! कापूस वेचून वेचून बोटं आखडलेली, पकडच येईना. सांगायचं कुणाला? बाईंनी ती तशीच तोंडात ठेवली. हिरडी सुजली, तोंडाला वास येऊ लागला, भाकरी वरणात कुस्करूनही जाईना, तेव्हा सवितानं त्यांना पुन्हा जळगावच्या बसमध्ये बसवलं.

बाईंनी सविताकडे पाठ केल्यावर डॉक्टरांनी कवळी काढली. चूक माझीच, परीक्षा तुमच्या बोटांची घ्यायची होती, असं त्या सरळ म्हणाल्या. निळी चकती लावली; बाईंच्या हातानं निघाली, पण वंदना म्हणताना उचलली गेली. गुलाबी लावली; ती बोटांना दाद देईना. काय ते तुम्हीच ठरवा, डॉक्टर म्हणाल्या.

बाईंनी तोंडावर पदर धरला. फार जिवावर आलं होतं त्यांच्या.

“माले घट्टच लावा,” त्या म्हणाल्या. “काढाले सविता शे.”

डॉक्टरांनी पांढरी चकती लावून कवळी बसवली आणि सविताला हात धुवायला सांगितलं. बाईंनी पदर खाली घेतला, तोंड उघडलं. सवितानं कडेला अंगठा लावून कवळी सोडवली आणि सासूकडे न बघता हातातल्या कवळीकडेच बघत राहिली.

“देख मन्हाकडे,” बोळक्या तोंडानं लिलाबाई म्हणाल्या. “आते तुनापाशी काय लपाडू?”