सुभद्राक्काला सर्टिफिकेट पायजे

सरकारी ऑफिसांच्या पायऱ्या चढून गुडघे झिजले, किस्से मात्र वाढत गेले. गुडघ्यांची चौकशी कोणी करत नाही, किश्श्यांना गिऱ्हाईक आहे. म्हणून सांगतो.

बीदरजवळ जनवाड्यात सुभद्राक्काचं वेल्डिंगचं शेड आहे. नवरा गेल्यावर तिनंच चालवलं. मी तिथं पाईप कापतो आणि टवाळी करतो. पगार फक्त पाईपाचा मिळतो. आता लोक हैदराबादहून तयार खाटा आणतात, शेड बंद पडायला आलंय. आशा एकच, सरकारी हॉस्टेलच्या लोखंडी खाटांचं टेंडर. बाईच्या धंद्याला त्यात सवलत आहे. पण बाई खरंच धंदा करते, असं सर्टिफिकेट पायजे. झाल्या बीदरच्या चकरा सुरू!

*

पहिल्या टेबलावरचा साहेब म्हणाला, "आधी सरकारी काम केल्याचा दाखला आणा."

"सरकारी काम मिळावं म्हणूनच तर आलाव," अक्का म्हणाली.

"दाखल्याबिगर काम न्हाई, कामाबिगर दाखला न्हाई."

मी हात जोडले. "साहेब, मग पहिला माणूस आत शिरला कसा?"

साहेबानं खरंच विचार केला. म्हणाला, "तवा मी रजेवर असन."

पुढं शेजारच्या टेबलावर कळलं, लहान धंद्याला तो दाखला लागतच नाही. तोवर आमचा उन्हाळा गेला होता!

*

मग ओळखीसाठी अंगठा. अक्कानं मशीनवर दाबला, लाल दिवा. पदराला पुसून दाबला, परत लाल. वेल्डिंगनं रेषाच जळून गेलेल्या.

मशीनवरची पोरगी म्हणाली, "अक्का, तुमचा अंगठा येईना."

"मग हे काय, भेंडी हाय व्हय?" मी म्हणालो.

पोरगी हसली, अक्का हसली, मशीन काही हसेना. शेवटी डोळ्याचा फोटो घेतला, तेव्हा पटलं. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "डोळे वटारल्याबिगर सरकार वळकतच न्हाई बघ!"

*

मग कॉम्प्युटरवर सही करायची काडी आली, पेनड्राइव्हसारखी. ती खुपसली की अक्काची सही झाली म्हणे! अक्कानं ती जपून देवघरात ठेवली.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. होल्डर, हातोडा, ग्राइंडर, सगळे ओळीनं मांडले. शेवटी ती काडी. हळद, कुंकू आणि वरून पंचामृत!

अर्ज भरायला गेलो तर काडी चालेना. कॉम्प्युटरवाल्या बसप्पानं फुंकर मारली, कुंकू त्याच्याच तोंडावर उडालं.

"अक्का, कामून असं केलाव?"

"हातोड्याला लावायचं आन् सहीला तसंच ठेवायचं व्हय?"

"बसप्पा, नशीब समज," मी म्हणालो, "हिच्यावर नारळ फोडला न्हाई!"

नवी काडी, परत तेच टेबल, परत तोच बाक. त्या बाकाला माझ्या बुडाचा खड्डा पडला असेल.

*

अर्ज गेला. आता तपासणी. आमच्या आधी तपासणीचे साहेब माधवरावाकडं गेले. माधवरावाचं फर्निचरचं दुकान, कागदावर मालकीण बायको. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "काय बनवता तुम्ही?"

ती म्हणाली, "आज व्हय? वांग्याची भाजी. बसा की, भाकरी टाकते!"

*

साहेब तिथून तापूनच आमच्या शेडात आले. अक्का नवं लुगडं नेसून उभी. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"खरा मालक हाच म्हातारा ना?"

"हा? ह्याला पाईप सरळ कापता येईना साहेब!" अक्का म्हणाली.

"सगळ्या असंच सांगतात. पुढच्या वर्षी या." साहेबांनी फाईल बगलेत मारली आणि गेटाकडं निघाले. पुढच्या वर्षी शेडच राहिलं नसतं.

"थांबा साहेब, करून दाखवते."

"माडि तोरिसि!" साहेब वैतागून कन्नडात म्हणाले. "दाखवा करून! काय वाट्टेल ते जोडा!"

अक्कानं पदर खोचला. वेल्डिंगची काच तोंडावर घेतली. साहेबांच्या पुढं होऊन शेडचं गेट आतून ओढलं आणि दोन्ही फळ्या मधोमध जोडून टाकल्या. चर्रर्र! साहेब आत, जीप बाहेर.

अक्कानं काच वर केली.

"जोडून झालं साहेब. आता कापून दाखवू, का आधी सही करताव?"