रुमाल टाकलेली जागा

बाळू गेल्याचा फोन आमच्या रांगेतल्या औषधाच्या दुकानात आला. आमच्या बाजूला फोन तेवढा एकच, त्यामुळे कुणाचंही बरंवाईट आधी त्या काउंटरवर येतं आणि मग रस्त्यावर. मिरजेहून त्याचा मुलगा बोलत होता. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला आणि लाइन खरखरायला लागली... मी उगीच हॅलो हॅलो करत राहिलो. आदल्याच दिवशी मी त्याला मिरजेला सोडून परत आलो होतो. दुकानात येऊन शटर अर्धं खाली ओढलं. शेजारी बाळूच्या दुकानाला कुलूप होतंच. समोर स्टँडवर गुहागरची गाडी लागत होती आणि जागा धरायला माणसं तिच्यामागे पळत होती. मला त्या माणसांचा भयंकर राग आला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले; राग अजून गेलेला नाही.

रत्नागिरीत नवखा माणूस उतरतो तो आमच्याच भागात. पुढ्यात एसटी स्टँड, पाठीमागे मंडई आणि दोहोंच्या मधे नगरपालिकेची बाग. बाग म्हणायची आपली. खरं म्हणजे गाडी चुकलेल्या माणसांची ती धर्मशाळा. मालगुंडहून आलेला म्हातारा तिथेच भाकरी सोडतो आणि मुंबईला निघालेला चाकरमानी तिथेच ट्रंकेवर डोकं ठेवून झोपतो. रेल्वे येणार, येणार म्हणून आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तोवर आमचं सगळं जाणंयेणं एसटीच्या खिडकीतून. बाळूचं शिलाईचं दुकान इथेच, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर, माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला लागून. शाळेचे गणवेश शिवायचा. मशीनवर बसलं की स्टँडवर आत शिरणारी प्रत्येक गाडी दिसायची आणि ती दिसली की याचं शिवणकामातलं लक्ष उडायचं. किती पोरांच्या चड्ड्या एक पाय आखूड झाल्या असतील, देव जाणे.

कापडाचे उरलेले तुकडे तो टाकत नसे. त्यांचे रुमाल करायचा आणि चारी बाजूंनी लाल दोऱ्याची शिवण घालायचा. "लांबून दिसली पाहिजे," म्हणे. हे रुमाल नाक पुसायला नव्हते. गाडी अजून फलाटाकडे मागे येतेय तोवर बाळू दुकानातून उडी मारून तिच्या बाजूने धावायचा आणि नेमक्या खिडकीतून रुमाल आत सीटवर टाकायचा. कुणासाठी? बागेत दिसलेल्या कुणाहीसाठी. बाळंतपणाला निघालेली पोर, काठी टेकत आलेला म्हातारा, कडेवर दोन मुलं घेतलेली बाई. जागा धरून द्यायची, रुमालही देऊन टाकायचा. वर सांगायचं, "रुमाल दिसला की तिथं माणूस बसलाय समजायचं." एकदा कुठल्याशा साहेबाच्या शिपायाने असा रुमाल खाली टाकून बूड टेकलं. बाळूने त्याला बखोटीला धरून उठवलं. कंडक्टर, ड्रायव्हर, शिपाई, सगळे एकदम ओरडत होते आणि हा शांतपणे खाली वाकून रुमाल झटकत होता. मी त्याला वेडा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो.

मंडईत पालेभाजी घेऊन बसणारी सुंदरा आहे. तिच्या नवऱ्याला कोल्हापूरला न्यायचं होतं तेव्हा बाळूने त्याच्यासाठी अशीच खिडकी धरली. नवरा काही वाचला नाही. दिवसकार्य आटोपून सुंदरा परत मंडईत बसायला लागली तेव्हा रुमाल धुऊन, घडी घालून द्यायला आली होती. खाकी कापडाचा होता. बाळू मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो तुझ्याकडं. लागंल कवातरी." तिने रुमाल परत पदरात बांधला आणि गेली. पुढे कित्येक वर्षं त्याच्या घरी मेथी-माठ तिच्याकडूनच यायची आणि ती निवडून, जुडी बांधून यायची.

पावसाळा सरता सरता बाळूचे पाय सुजायला लागले. दोन जिने चढला की धाप लागायची. इथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि उशीर न करता मिरजेला न्या म्हणाले. मुलगा कोल्हापूरला नोकरीला, तो परस्पर मिरजेला येणार होता. मी म्हटलं, मोटार करू. त्याने ऐकलं नाही. आयुष्यभर माणसांना एसटीत बसवलेला माणूस मोटारीतून कसा जाईल? सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं आणि मंडईभर ते माहीत झालं. आम्ही दोघं बागेच्या कडेकडेने, थांबत थांबत स्टँडवर पोचलो. गाडी लागून भरलीसुद्धा होती. धावून जागा धरायची अक्कल मला कधी आलीच नाही. त्यासाठी बाळू होता ना.

आत एकच जागा रिकामी, तीही खिडकीची. तिच्यावर रुमाल होता. चारी बाजूंनी लाल शिवण. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बस. तुझाच रुमाल आहे." बाळूने वाकून शिवण पाहिली, हात मात्र लावला नाही. "माझा कसला? मी कुणाला तरी दिलेला. ज्याला दिला त्याची जागा."

"अरे, पण तो आहे कुठे?"

"येल. च्या प्यायला गेला असंल. वायच दम धर."

कुणी आलं नाही. गाडी सुटली. कंडक्टर म्हणाला, बसा बाबा. मागच्या बाई म्हणाल्या, बसा. जागा समोर रिकामी दिसत असल्यामुळे दुसरं कुणी आपली द्यायला उठेना, त्यांचंही बरोबर होतं. मी दंडाला धरून बसवायला गेलो तर माझा हात त्याने झटकला, आणि त्या झटकण्यानेच त्याला धाप लागली. शेवटी तो मधल्या वाटेत माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसला. पालीला एक धडधाकट गृहस्थ चढले, त्यांनी रुमाल उचलून "कुणाचा हो?" विचारलं, माझ्या हातात दिला आणि ऐसपैस बसले. मी तोंड उघडणार तोच बाळू म्हणाला, "बसू दे रे. ज्याचा होता तो नाय आला." पुढे सबंध आंबा घाट त्याने सीटच्या दांडीला डोकं टेकून काढला. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. हातातल्या त्या रुमालाने त्याचा घाम पुसण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, प्रवासाने काही फरक पडला नसता, हृदय थकलंच होतं. म्हणाले खरं. मी ते शंभर वेळा स्वतःला सांगून पाहिलं आहे.

बाळूचं तेरावं झाल्यावर मी मंडईत गेलो. सुंदराने मला हाक मारली. डोळ्यांना पदर लावून आधी रडली. मग म्हणाली, "बाळूदादांना बसायला गावलं ना हो नीट?" मला कळेना ही काय विचारतेय. "मी लवकर येऊन त्यांचाच रुमाल टाकला ना खिडकीतनं. थांबायला व्हयत नव्हतं, भाजीचा टेम्पो आलेला. म्हटलं, आपली शिवण वळखतील की ते..."

तो रुमाल त्या वेळी माझ्या खिशात होता. अजून आहे, बाळूच्या घामाच्या वासासकट. बोटाला त्याची लाल शिवण लागत होती. बाळूने ती ओळखली होती, पहिल्या नजरेत ओळखली होती, म्हणूनच तो बसला नव्हता... मंडईत माणसं भाव करत होती. सुंदरा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "हो, गावलं." तिने मान हलवली आणि माठाच्या जुड्यांवर पाणी मारायला लागली.

सुंदराला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिण्याचं धाडस केलं. वाचणाऱ्यांपैकी कुणी आमच्या मंडईत जात असेल, तर एवढी एक विनंती. तिने पुन्हा विचारलं, तर सांगा की बाळू खिडकीशी बसून गेला.