पखवाजाची कनीक

शाळेत मी दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी मास्तर म्हनले, बस. दुसऱ्या दिवशी म्हनले, ऊठ. चूक माझीच हुती, कारन मास्तरांच्या टोपीत घावलेली शेंगांची टरफलं माझ्या खिशातली हुती. त्यानंतर मी एकदम कालेजातच गेलो. मधलं कायबी केलं न्हाई. हे मी सांगतोय आन् नात लिहून घेतीया, म्हनून एवढं तरी सरळ उतरतंय.

आमचं गाव नागापूरच्या पल्याड, नगरापासनं चार-पाच कोसांवर. आता नागापुरात कारखानेच कारखाने; तवा नुस्ता माळ हुता आन् माळावर मेंढरं. इंग्रज नुकताच गेल्ता, नगरात नवं कालेज निघाल्तं. तिथले सायन्सचे एक मास्तर आमच्या गावच्या सप्त्याला सायकलीवर आले. मी पखवाज वाजवत हुतो. सगळे देवाकडं बघत हुते, ह्ये मास्तर माझ्या पखवाजाच्या डाव्या तोंडाकडं. तिथं कनकीचा ओला गोळा थापलेला असतो.

भजन संपल्यावर जवळ येऊन म्हनले, "ही कणीक कशाला लावता हो?"

"कनकीबिगर पखवाज म्हंजी उपाशी मानूस," मी म्हनलं. "नुस्ता कडाकडा बोलतो. पोटात गव्हाचं गेलं की मग घुमतो."

मास्तर लई हसले. म्हनले, "कॉलेजात संमेलन आहे. आम्ही एक नवीनच करतोय. एकाच वेळी गाणं, चित्र, कविता आणि शास्त्र. चौघांनी मिळून एकच गोष्ट दाखवायची."

"म्हंजी काला," मी म्हनलं. "दही, लाह्या, लोनचं, सगळं एका मडक्यात."

"अगदी काला! त्यात तुमचा पखवाज हवा. जमलं, तर दर गुरुवारी मुलांना शिकवायला या. पण प्रिन्सिपॉलसाहेब म्हणतात, आधी एकदा ऐकू द्या."

माझी अंगठ्याची सही, आन् मी कालेजात शिकवनार! दोन दिवस गावात मी जमिनीला पाय लावला न्हाई. भेटंल त्याला सांगिटलं, मला प्रोफेसर करनार हायेत. खरं तर मला ते फकस्त त्या टोपीवाल्या मास्तरांना सांगायचं हुतं, पन ते कवाच वारले हुते. मग बाकीच्या गावाला सांगिटलं. त्याचा परिनाम असा झाला की संमेलनाच्या दिवशी गावातनं तीन बैलगाड्या भरून मानसं माझी प्रोफेसरी बघाया निघाली.

गहू तवा रेशनवर. सनाला ठेवलेल्या पिठातलं दोन मुठी पीठ बायकोनं मळलं आन् ओल्या फडक्यात बांधून दिलं.

"अवो, जपून न्या. आन् खाऊ नका."

"मी काय ल्हान हाय?"

"ल्हान असता तर सांगिटलं नसतं. ल्हान पोरं ऐकत्यात."

दुपारी नागापूरच्या माळावर एका विहिरीपाशी गाड्या सोडल्या. हुरड्याचे दिवस. माझ्या चुलतभावानं गवऱ्या पेटवल्या, कनसं भाजाया घातली. हुरडा सगळ्यांना पुरला न्हाई. म्हंजी पुरला असता, पन मी आधी बसलो. आन् तेवढ्यात फडक्यातल्या कनकीचा वास आला. महिनाभर बाजरीच्या भाकरीवर काढलेल्या मानसाला गव्हाच्या कनकीचा वास आला की त्याचं डोकं चालत न्हाई, नुस्ते हात चालत्यात. म्हनलं, अर्धा गोळा तर पुष्कळ हुतो. अर्धा गवऱ्यांच्या आरात टाकला.

चुलतभाऊ म्हनला, "दादा, ती वाजवायची हुती ना?"

"अरं, अर्ध्यावर वाजतंय की."

रोडगा असा फुगला, असा खरपूस झाला की काय सांगू. खाल्ला. मग उरलेला अर्धा फडक्यात एकलाच पडल्याला दिसला. मला एकलं कुनी बघवत न्हाई.

कालेजात पोचलो तवा पोटात गहू आन् फडक्यात पानी. तडक पोरांच्या बोर्डिंगच्या सैपाकघरात गेलो. आचारी परातीत कनीक मळून, वर ओलं फडकं टाकून, राखन करत बसल्याला.

"दादा, मूठभर कनीक द्या. पखवाजाला पायजे."

"ही पाहुन्यांच्या पुऱ्यांची हाय," आचारी म्हनला. "हिला हात लावलास तर लाटन्यानं तुझाच पखवाज वाजवीन. बाजरीचं पीठ हाय बघ, ते ने."

बाजरीचं पीठ चिकटून राहत न्हाई, हे मला ठाऊक हुतं. माझ्या बापाला ठाऊक हुतं. आमच्या बैलालाबी ठाऊक असंल. पन म्हनलं, शिकल्या-सवरलेल्यांची जागा हाय, इथं राहील.

मांडवात समोर प्रिन्सिपॉल आन् मुख्य पाहुने, मागं पोरं-पोरी, त्याच्या मागं आमचं अख्खं गाव. एक पोरगी तिनंच केलेली कविता गानार, चित्राचे मास्तर भल्या मोठ्या कागदापुढं कोळसा घेऊन उभे, आन् सायन्सचे मास्तर हातात रांगोळीची वाटी घेऊन. पोरीनं सूर लावला. मी थाप दिली. पहिली थाप घुमली. दुसरी घुमली. तिसऱ्या थापेला बाजरीला तडा गेला आन् चौथ्याला सगळा गोळा उडून पाहुन्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर.

पखवाज कडाकडा बोलाया लागला. पोरगी थांबली. मागनं चुलतभावाचा आवाज आला, "दादा, दुसरा अर्धा काढ!"

सायन्सचे मास्तर माझ्यापाशी आले. हळूच म्हनले, "तुमची नेहमीची कणीक कुठाय?"

मला हळू बोलता येत न्हाई, ही माझी खोड. "खाल्ली जी."

"कुणी?"

"मीच. भाजून."

सगळा मांडव हसला. प्रिन्सिपॉल हसले न्हाईत. ते पाहुन्यांचं धोतर झटकत हुते. मला त्या शाळेतला दुसरा दिवस आठवला. कुनी ऊठ म्हनायच्या आत मी पखवाज उचलला आन् उठाया लागलो.

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. उठायचं नाही."

तेवढं एकच बोलले. मला उठवनारे जल्मात लई भेटले, कुनी मास्तरानं बसा म्हनायची ही दुसरी येळ. बसलो.

मास्तर लोकांकडं वळून म्हनले, "मला तुम्हाला दोन्ही आवाज दाखवायचे होते, उपाशी आणि जेवलेला. उपाशी यांनी आपणहून दाखवला." मग पखवाज उभा केला, डावं तोंड वर. त्यावर चिमूट-चिमूट रांगोळी भुरभुरली. म्हनले, वाजवा. मी वाजवलं, तर रांगोळी कुत्रं शिरल्यावर कोंबड्या पळत्यात तशी सैरावैरा झाली.

"आता कणीक हवी," मास्तर म्हनले.

पाहुनेच उठून म्हनले, "माझ्या पुऱ्यांची आणा. धोतर गेलंच आहे, पुऱ्याही जाऊ द्या."

आचाऱ्यानं गोळा आनला तो लेक सासरी धाडावी तसा. मी तो थापला, ओल्या बोटानं कडा दाबल्या. मास्तरांनी परत रांगोळी भुरभुरली. मी थाप दिली. आन् रांगोळी हलली, सरकली, आन् गोळ्याभोवती गोल रिंगन धरून उभी राहिली.

वीस वरसं मी वाजवत हुतो. माझ्या हाताखाली असं रिंगन हुतं, हे मला कुनी दावलं न्हवतं.

चित्राच्या मास्तरांनी कागदावर तेच रिंगन काढलं, मग त्याच्या भवती दुसरं, मग तिसरं. पखवाज आडवा घेऊन मी वाजवाया लागलो, पोरगी परत गाया लागली. मागनं आमच्या गावानं टाळी धरली, ती कुनी सांगिटली न्हवती. काला झाला बघा, बेस काला. मला रडू आलं, आन् लोकांना वाटलं, रांगोळी डोळ्यात गेली.

त्या दिवशी पाहुन्यांनी बाजरीची भाकरी खाल्ली. जाताना प्रिन्सिपॉल माझ्यापाशी आले. मी धोतराबद्दल माफी मागाया हात जोडले.

ते म्हनले, "गुरुवारी तीन वाजता. आणि येताना जेवून या."

घरी पोचलो तवर चुलतभावानं बायकोला सगळं सांगून टाकलं हुतं. माझ्यासाठी सांगाया कायबी ठेवलं न्हवतं. ती पाठ करून चुलीपुढं बसून राहिली. मला वाटलं, चिडली. बघतो तर पदर तोंडाला लावून हसत हुती.

गुरुवारी तिनं फडक्यात दोन गोळे बांधून दिले.

"ह्यो वाजवायचा, ह्यो खायचा."

"आन् दोन्ही खाल्ले तर?"

"तर कालेजातल्या मास्तरांना म्हनावं, तिसरा घ्यायला मला घरी धाडा. बसा म्हनत्यात ना तुमाला? मी उठवीन."