रोवण्याच्या नाचात बुजगावणं

मॅडमने माझा उजवा हात बांबूला बांधला. तो जन्मापासून कोपरात आखडलेला. ओढून सरळ केला, सुतळीची गाठ मारली आणि डोक्यावर काळं मडकं पालथं घातलं.

"हलू नको. बुजगावणं हलते का कधी?"

सगळा वर्ग हसला. मी सातवीत होते.

शाळेच्या गॅदरिंगला रोवण्याचा नाच होता. चिखलात धानाचे परे, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बायांचा. वर्गातल्या सगळ्या पोरी त्यात, मी सोडून. माझा उजवा पायही हातासारखाच. उभी राहिले की डोलते. पण बसून सरकायला लागले की घरात कुणाला सापडत नाही. शाळेत मात्र पहिलीपासून दाराजवळचा कोपरा. कवायतीला पोरं मैदानात, मी त्यांच्या चपला राखायला. चित्रकलेला रंग नाही, का तर सांडवशील. कागदोपत्री मी प्रत्येक उपक्रमात हजर.

मला नाचायचं होतं. दुसरं काही मागत नव्हते मी.

मॅडम गोंदिया शहरात वाढलेल्या. धान त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलेलं. हात बांधायच्या आठ दिवस आधी सराव सुरू झाला, तेव्हा त्यांनी पोरींना पुढे पुढे चालत परे लावायला लावले. मला राहवलं नाही.

"मॅडम, रोवणा मांगं मांगं सरकत करतेत. तुमी तं लावलेले परे तुडवून राहिल्या."

मॅडम लालबुंद. "पहले खुद ठीक से खड़ी रह, फिर मुझे सिखा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी मागे मागे जात होत्या. माझी चाल घेतली, मला नाही घेतलं. आणि मी मूर्ख, मनातून खूश. वाटलं, आता तरी बोलावतील. बोलावलंच. बुजगावणं करायला.

गॅदरिंगच्या दिवशी माय उन्हाळी धानाचा रोवणा अर्धा टाकून आली. पोटऱ्यांवर चिखल तसाच. पुढेच बसली. गाणं सुरू झालं, पोरी वाकल्या. बांधलेल्या हातातून कळा निघत होत्या आणि डोळ्यांसमोर मी सांगितलेला नाच चालला होता. माझं डोकं फिरलं. मडकं झटकलं, ते फुटलं. दातांनी गाठ सोडली. खाली बसले, रांगेत घुसले आणि डाव्या हातानं रोवत मागे मागे सरकत सुटले.

"हटाओ इसको!" मॅडम पडद्याआडून ओरडल्या. शिपायानं काखेत हात घालून मला पोत्यासारखं उचललं. सगळ्या गावादेखत.

पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. माय धावत आली आणि तिनं मॅडमपुढे हात जोडले. "चुकली जी पोरगी. माफ करा."

"हात जोडू नको माय! कायले जोडतेस? मी नाचून राहिली होती."

तिनं हात सोडले नाहीत. त्या हातांचा राग मला आजही आहे. मायचा नाही, तिला ते जोडायला लावणाऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी मॅडमने कागद पुढे सारला. माफीपत्र लिही, नाहीतर पुढल्या गॅदरिंगला शाळेत पाय ठेवायचा नाही. मी डाव्या हातानं लिहिलं, "मी नाचली. पुढल्या वर्षीबी नाचीन." मॅडमने कागद टराटरा फाडला. पुढल्या वर्षी मला फाटकाबाहेर ठेवलं, तेही खरं.

आता मी डी.एड. करते. कुणाची कीव करायला नाही. माझ्या वर्गात ज्या लेकराला नाचायचं ते नाचेल. बसून, सरकून, लोळून, त्याला येईल तसं. रंग सांडले तर सांडले, फरशी मी पुसेन. आणि ज्यांच्या डोळ्यांना हे खुपेल त्यांनी वर्गाबाहेर जावं. लेकरू उठणार नाही.