सुपरचार्जरचा चावा

उत्कर्षाचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या दातांत गेलं होतं. स्वारगेटजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये ती कॅपा आणि कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून माप आलं की प्लास्टरच्या जबड्यावर दात चढवायचे, वरचा आणि खालचा जबडा मिटवून चावा जुळतो का ते बघायचं, हे तिचं काम. पेशंटचं तोंड कधी न बघता तो कुठल्या बाजूने चावतो हे ती सांगायची. 'आत काय असतं?' हा प्रश्न मात्र तिला दातांपुरता पडत नसे. शाळेत असताना तिने कुकरची शिट्टी काढून पाहिली होती, तीही कुकर गॅसवर असताना. छतावरचा वरणाचा डाग ते भाड्याचं घर सोडेपर्यंत तसाच होता.

तिची आई गेल्यावर वडील, श्रीधरराव, बिबवेवाडीला तिच्याकडेच राहायला आले. येताना त्यांनी एक सुटकेस आणली आणि एक गाडी. ते आयुष्यभर एका कारखानदाराचे ड्रायव्हर होते. मालक मुलाकडे कायमचे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी आपली जुनी जर्मन गाडी श्रीधररावांच्या नावावर करून दिली. त्या गाडीला सुपरचार्जर होता. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. त्यामुळे घाट आला की गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी उठायची आणि बारीक शीळ घालायची.

"आता ती शीळ घालत नाही," श्रीधरराव म्हणायचे. "नुसती कण्हते."

खरंच कण्हायची. उभी असताना खडखड आणि वेग घेताना विळीवर नारळ खवल्यासारखा आवाज. श्रीधररावांनी हळूहळू ती बाहेर काढणंच सोडलं. सकाळी फडक्याने पुसायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे.

शेवटी उत्कर्षाच त्यांना गाडीसकट बाळकाकांच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. बाळकाकांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि बॉनेट बंद केलं.

"सुपरचार्जर गेलाय. मी तो उघडत नाही."

"का?"

"जे बंद करता येईल याची खात्री नाही, ते मी उघडत नाही."

"दुसरा मिळेल का हो?" श्रीधररावांनी विचारलं.

"मिळेल की. भंगारातल्या गाडीचा. ती गाडी भंगारात का गेली, ते मात्र विचारायचं नाही."

उत्कर्षा तिथून हलेना. "काका, पण आत काय असतं त्याच्या?"

"दोन रोटर. पिळदार. एकमेकांत गुंतून फिरतात, पण एकमेकांना लागत नाहीत."

"अजिबात नाही?"

"लागले की संपलं."

हे वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं. वरचा दात खालच्या दाताला बरोबर कुठे टेकतो, यावर ती इतकी वर्षं पोट भरत होती. आणि इथे कुणीतरी असा जबडा बनवला होता, की ज्याची सगळी करामत न टेकण्यात होती!

"बाबा, मी उघडून बघू?"

"अगं, मालकांची गाडी आहे ती."

"मालक तुम्ही आहात."

श्रीधरराव फडक्याने बॉनेट पुसू लागले. तो होकार आहे असं ती धरून चालली. बाळकाकांनी सुपरचार्जर गाडीतून उतरवून दिला. तेवढं करायला त्यांची हरकत नव्हती.

रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली. नवरा रविराज हडपसरच्या कंपनीतली रविवारची पाळी संपवून घरी आला, तेव्हा टेबलाच्या मधोमध अॅल्युमिनियमचं धूड होतं आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास. आतल्या गिअरचं जुनं तेल तिने नुकतंच ओतून काढलं होतं.

"आज जेवण कुठे आहे?" त्याने विचारलं.

"ओट्यावर."

"आणि हा वास?"

"जर्मन आहे."

रविराजने खिडक्या उघडल्या आणि ताट घेऊन बाल्कनीत गेला.

पट्ट्यावर फिरणारी चकती रोटरना जोडणारा भाग, म्हणजे कपलिंग, झिजलेलं निघालं. त्याच्या पिनांची भोकं पार लांबट झाली होती. खडखड तिथली होती. पण खवल्याचा आवाज? रोटर हाताने फिरवले तर गुळगुळीत फिरत होते. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. ती बराच वेळ नुसती फिरवत बसली. मग तिला एकदम हसू आलं. तोंडात दात कुठे लागतोय हे तरी डोळ्यांना कुठे दिसतं?

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमधून निळ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. डॉक्टर पेशंटला चावायला देतात तोच कागद. केसापेक्षा पातळ, आणि जिथे दाब पडेल तिथे निळा ठिपका उठवणारा. हवा बाहेर पडायची जी खिडकी असते तिच्यातून तिने पट्टी आत सरकवली, रोटर सावकाश फिरवले, मग टॉर्च मारून पाहिलं. पुढच्या टोकाला काहीच नव्हतं. मागच्या टोकाला मात्र एक निळी रेघ उठली होती.

"बाबा, इकडे या! हा मागून चावतोय!"

श्रीधररावांनी चष्मा चढवून वाकून पाहिलं. "म्हणजे?"

"मागचं बेअरिंग झिजलंय. रोटर तिकडे खाली बसतो आणि टेकतो."

आता मात्र श्रीधररावांनाही राहवेना. नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानांत ते स्वतः तिच्याबरोबर फिरले आणि मागच्या टोकाच्या बेअरिंगची जोडी आणि नवं कपलिंग शोधून आणलं. उत्कर्षाने पहिलं बेअरिंग हातोडीने ठोकून बसवायला घेतलं आणि तिरकं घालून मोडलं. ती चिडून आत जाऊन बसली. ठोकायचं कशाला? लॅबमध्ये धातू तापवला की पसरतो, निवला की आकसतो, हे ती रोज बघत होती. श्रीधरराव पुन्हा पेठेत जाऊन आले. मग बेअरिंग फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गेलं आणि सुपरचार्जरचं कवच केकच्या ओव्हनमध्ये. गरम कवचात गार बेअरिंग अंगठ्याने ढकलताच आत उतरलं. तिने नवं कपलिंग बसवलं, निळी पट्टी पुन्हा आत घातली आणि रोटर फिरवले. रेघ नाही. पुन्हा फिरवले. ठिपकासुद्धा नाही. दोन्ही पिळदार रोटर एकमेकांच्या अंगावरून जात होते आणि एकमेकांना शिवत नव्हते. ती ते किती वेळ बघत राहिली असती कोण जाणे. रविराजला टेबल हवं होतं.

बाळकाकांनी सुपरचार्जर परत चढवला, नवं तेल भरलं आणि किल्ली श्रीधररावांच्या हातात दिली. गाडी सुरू झाली. खडखड नाही. श्रीधररावांनी अॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून बारीक, स्वच्छ शीळ उठली. उत्कर्षाने टाळी वाजवली.

श्रीधररावांनी मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "शीळ कुठाय?"

"ही काय, येतेय की!"

त्यांनी पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला. शीळ वाढली. शेजारच्या दुकानदारानेही वळून पाहिलं. "नाही बुवा," श्रीधरराव म्हणाले.

बाळकाकांनी उत्कर्षाकडे पाहिलं. ती गाडीजवळ गेली. बाबांना खडखड ऐकू यायची, नारळ खवल्यासारखा आवाज यायचा, दारावरची बेल मात्र कधीच ऐकू येत नसे. ते टीव्हीत गुंगलेले असतात, असं घरात सगळे समजत होते.

"बाबा, ती शीळ घालतेय. तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीये."

श्रीधररावांनी इंजिन बंद केलं.

"म्हणजे मधल्या काळातही घालत होती?"

"बहुतेक."

"आणि मी तिला कव्हर घालून ठेवलं." त्यांनी शेजारचं दार उघडलं. "बस. बोपदेव घाटात जाऊ."

कोंढवा मागे पडला, चढ लागला. पहिल्या वळणानंतर त्यांनी पाय दाबला आणि गाडीने दोघांच्या पाठी सीटला चिकटवल्या. श्रीधरराव मोठ्याने हसले. "हे ऐकू आलं!" ते म्हणाले. माथ्यावर पोचेपर्यंत उत्कर्षा त्यांना शीळ कधी चढते, कधी उतरते ते सांगत होती आणि ते पाय कमी-जास्त करून तिची परीक्षा घेत होते.

पुढच्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले, बऱ्याच कुरकुरीनंतर. ऐकायचं यंत्र कानात नीट बसावं म्हणून तिथल्या बाईंनी त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरला आणि तो घट्ट व्हायची वाट बघू लागल्या. उत्कर्षा खुर्ची पुढे सरकवून आली.

"हे आम्ही दाताच्या मापाला वापरतो तसलंच दिसतंय. किती वेळात सेट होतं? काढताना आकसत नाही का? आणि यंत्रात आत काय असतं हो?"

"काय म्हणतेय ती?" श्रीधररावांनी बाईंना विचारलं.

"खूप प्रश्न आहेत त्यांना," बाई ओरडून म्हणाल्या.

"तिला सांगा, आधी मला ऐकू येऊ दे. मग उघड म्हणावं काय उघडायचं ते."